पायऱ्यांवरचा नारू

(दृश्य: कोरडी पडलेली पायविहीर. कॅमेरा एकेक पायरी खाली उतरतो.)

या विहिरीला रहाट नाही, पोहरा नाही. इथे पाणी शेंदत नसत. पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. राजस्थानात हिला बावडी म्हणतात, आपल्याकडे बारव. बांधणी देखणी, उन्हाळ्यात सावलीही. पण प्यायच्या पाण्यात माणसाचा पाय पडतो, आणि नारूला, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या जंताला, एवढंच पुरतं.

(दृश्य: पाण्याचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली.)

थेंबात टुणटुणणारा हा ठिपका म्हणजे सायक्लॉप्स, पाण्यातला पिसू. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. नारूची अळी याच्या पोटात वाढते. तिला माणसाला बाधण्याइतकी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. असं पाणी प्यायलं की पिसू पोटात विरघळतो, अळी मात्र जगते आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते.

मग वर्षभर काहीच होत नाही.

ही शांतता फार घातक. गेल्या उन्हाळ्यातलं पाणी आणि यंदाचा पायावरचा फोड यांचा संबंध कोण लावणार? अळी आणि पिसू यांचं नातं रशियन संशोधक अलेक्सेई फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास उलगडलं. तोवर हजारो वर्षं माणसं नारू सोसत होती आणि तेच पाणी पीत होती.

(दृश्य: रेखाचित्र. पाय, फोड, काडीला गुंडाळलेला जंत.)

वर्षाने नारूची पूर्ण वाढलेली मादी कातडीखाली येते, बहुधा गुडघ्याच्या खाली. लांबी ६० ते १०० सेंटिमीटर, जाडी शेवयीएवढी. फोड उठतो, आग आग होते. आगीवर उपाय एकच सुचतो: पाय पाण्यात बुडवायचा. फोड फुटतो, गार वाटतं, आणि त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. बिचाऱ्या माणसाने आराम शोधला आणि विहीर नासली.

जंत ओढून काढता येत नाही. तुटला तर जखम चिघळते. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. कधी त्यात कितीतरी आठवडे जातात. तोवर चालणं अवघड, शेतीची कामं खोळंबलेली. आणि एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, असंही नाही. शरीरात प्रतिकारशक्ती तयारच होत नाही.

औषध नाही. लस नाही. आजही नाही.

(दृश्य: घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं.)

तरी भारतातून नारू गेला. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये मोजणी झाली: सुमारे ४० हजार रुग्ण, साडेबारा हजारांहून जास्त गावं. राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र, गुजरात, तमिळनाडू आणि आपला महाराष्ट्र.

उपाय साधे होते, इतके साधे की कुणाला त्यांचं अप्रूप वाटू नये. पाणी दुहेरी कापडातून गाळा, पिसू वरच अडकतो. पाण्यात ठरल्या प्रमाणात टेमेफॉस हे कीटकनाशक टाका, पिसू मरतो. फोड आलेल्याला पाण्यात उतरू देऊ नका. आणि पायऱ्या बंद करा: विहिरीला कठडा बांधा, पाणी वरून शेंदा, नाहीतर हातपंप बसवा. माझ्या मते सगळ्यात मोठं काम गवंड्यांचं होतं.

पण सगळ्यात चिवट काम शोधाचं. आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन एकच विचारायचे: कुणाला नारू झालाय का? एक रुग्ण नजरेतून सुटला आणि पाण्यात उतरला, की पुढच्या वर्षी अख्खी वस्ती आजारी. आकडा शेकड्यांवर आला, तसा तो शोध सोपा नाही, उलट अवघड झाला. कवडीएवढा उरलेला रोग हुडकायचा, तोही वाळवंटातल्या विखुरलेल्या ढाण्यांमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या वस्त्यांमध्ये.

(दृश्य: जोधपूर जिल्ह्यातली वाळू, दुपार.)

शेवटचा रुग्ण इथे, जोधपूर जिल्ह्यात सापडला. जुलै १९९६. पण त्या दिवशी कुणी आनंदाने उड्या मारल्या असत्या तर तो वेडेपणा ठरला असता. अळी वर्षभर गप्प बसते, म्हणजे वर्षभराचं शून्य हाती आलं तरी भरवसा नाही. त्यामुळे पुढची तीन वर्षं कर्मचारी दारोदार फिरत राहिले, तोच प्रश्न विचारत. उत्तर दरवेळी नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं.

(दृश्य: पुन्हा तीच विहीर. तळाशी साचलेलं पावसाचं पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली तोच ठिपका, टुणटुणत.)

सायक्लॉप्स अजून इथेच आहे. पोट रिकामं.