नाव सांगा: आताचं की आधीचं?

[दृश्य: नाशिक. सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाबाहेरचा रस्ता. टेबलावर संगणक, प्रिंटर, रबरी शिक्क्यांचा डबा.]

सकाळचे साडेदहा. रिक्षावाल्यांचा "नाशिकरोड, नाशिकरोड" असा गलका चालू आहे. कोर्टाबाहेर टायपिंगवाल्या काकांनी नुकताच प्रिंटर सुरू केलाय. समोरच्या स्टुलावर एक मुलगी बसली आहे. अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. लग्नाला दोन महिने झालेत.

"नाव सांगा, ताई."

"कुठलं? आताचं की आधीचं?"

काकांना या प्रश्नाचं नवल वाटत नाही. लग्नसराई सरली की हा प्रश्न विचारणाऱ्या मुली येतातच. या मुलीचं नाव मात्र आपण सांगणार नाही. तिने तशी अटच घातली आहे. आपली ही फिल्म नावावर, आणि नायिका बिननावाची. असो.

काका चष्मा पुसतात आणि पहिली गोष्ट सांगतात: "बदलायलाच पाहिजे असं काही नाही हां."

काका बरोबर बोलतात. लग्नानंतर बायकोने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे, असा एकही कायदा भारतात नाही. लग्न लागलं म्हणून आपोआप नाव बदलतं, असंही नाही. तिने अर्ज केला तरच ते बदलतं. तरी हॉलच्या दारावरच्या पाटीपासून पहिल्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणापर्यंत सगळ्यांनी ते परस्पर बदलून टाकलेलं असतं. बँकेच्या खिडकीवर ती उभी राहिली की मगच कळतं, अजून कुठंच काही बदललेलं नाही.

[दृश्य: कोरा फॉर्म. तीन रकाने.]

आपल्याकडे हे प्रकरण नुसत्या आडनावाचं नाही. मराठी नाव तीन मजली. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्नानंतर वरचे दोन्ही मजले उतरवायचे आणि नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव चढवायचं. काही घरांत तळमजलाही जायचा. ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. ती मुलगी कालपर्यंत कोण होती, हे मग माहेरच्या माणसांनाच ठाऊक.

[दृश्य: गोदावरीचं पात्र, जलालपूर.]

नाशिकपासून जवळच, गोदावरीकाठी जलालपूर आहे. 1868 साली इथं एक मुलगी जन्मली, मनकर्णिका गोखले. घरात तिला मनू म्हणत. लहान वयातच लग्न झालं आणि ती लक्ष्मी झाली. मराठी वाचक तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतात. त्या काळी यासाठी ना अर्ज लागला, ना शिक्का. आणि मनूला कुणी विचारलंही नाही.

आता विचारतात. उलट फारच विचारतात.

[दृश्य: शरणपूर रोड, राजीव गांधी भवन, महापालिकेचं मुख्यालय.]

सुरुवात लग्नाच्या नोंदणीपासून. महाराष्ट्रात यासाठी 1998 चा कायदा आहे. लग्नानंतर 90 दिवसांच्या आत नवरा, बायको आणि तीन साक्षीदारांनी निबंधकापुढे हजर व्हायचं. शहरात महापालिकेचं विभागीय कार्यालय, खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक. सोबत लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. लग्न लावणाऱ्या गुरुजींची सहीही लागते. गुरुजी त्र्यंबकचे असतील आणि हंगाम चालू असेल, तर ती सही मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम. मुदत टळली तर दंड भरून नोंद होते. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना सांगितलं होतं. तरी आपल्याकडे पाच-दहा वर्षं संसार करून, मुलाच्या व्हिसाची वेळ आली की नोंदणीला धावणारी जोडपी आहेतच.

हे प्रमाणपत्र म्हणजे लग्न झाल्याचा पुरावा. फक्त नवऱ्याचं आडनाव घ्यायचं असेल, तर बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. पण पहिलं नावही बदलायचं असेल, तर राजपत्राची वाट धरावी लागते. गॅझेट, ज्याला सगळे 'गॅजेट' म्हणतात. शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, जुन्या नावाचा पुरावा, फोटो आणि शुल्क जोडायचं. मग एका अंकात शेकडो नावांच्या गर्दीत आपली ओळ छापून येते: जुनं नाव, नवीन नाव. त्या पानाची प्रत जन्मभर जपायची. लॅमिनेशन नका करू, काका बजावतात. उगाच कुणी खोटं म्हणायला नको.

आता खरी ग्यानबाची मेख. आधार कार्डावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पत्ता मात्र हवा तितक्या वेळा. लग्नाच्या आठवड्यात सासरी कुणीतरी हौसेने म्हणतं, "चल, आधारचं उरकून टाकू," आणि एक संधी तिथंच खर्च होते. त्यातही टायपिंग करणाऱ्याने 'दीक्षित'चं 'दिक्षीत' केलं, की दुसरीही गेली. मला विचाराल तर पहिल्या वर्षी पत्ता तेवढा बदलावा, नावाला हात लावू नये.

कारण एक नाव हललं की सगळी उतरंड हलते. आधार बदललं की पॅन जुळत नाही. पॅनचा क्रमांक तोच राहतो, पण त्यावरचं नाव वेगळा अर्ज करून बदलावं लागतं. मग बँकेचं केवायसी. मतदार यादीसाठी आठ नंबरचा फॉर्म. आपल्या नायिकेचं घोडं पीएफवर अडलंय: तिथं काही खात्यांसाठी कंपनी आणि कामगार दोघांनी मिळून जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे संयुक्त घोषणापत्र, द्यायचं असतं, आणि दहावीचं प्रमाणपत्र तर माहेरच्याच नावाचं. ते जन्मभर तसंच राहणार. गंगापूर धरणाकडे मुक्त विद्यापीठ आहे. संसार सांभाळून शिकायला निघालेल्या बायकांनाही प्रवेशाच्या फॉर्मवर हाच पेच पडतो: गुणपत्रिकेवरची ती आणि आधारवरची ती एकच, हे सिद्ध कसं करायचं?

[दृश्य: नाशिकरोड, इंडिया सिक्युरिटी प्रेसची भिंत. कामगारांच्या सायकली.]

या कागदांचं माहेर मात्र नाशिकच. देशभरातल्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या या प्रेसमध्ये छापल्या जातात. वर्षानुवर्षं स्टॅम्प पेपरही इथंच छापले गेले. नावं नंतर पडतात, दुसरीकडे. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची गरज नाही, हे 2017 साली खुद्द पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं. फक्त तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढायचं. हनिमूनला निघालेली जोडपी नेमकी इथंच चुकतात.

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये अजून एक पाऊल टाकलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं: मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. लग्न झालेल्या बाईची रीत मात्र तीच ठेवली, तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. एक मुभा दिली: मालमत्तेच्या दस्तात तिला लग्नाआधीचं नाव लावता येईल.

ही मुभा किती मोलाची, ते सिन्नर-निफाडकडच्या बायकांना विचारा. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत हिंदू घरातल्या मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील गेले, वारस नोंद लागली, सातबाऱ्यावर बहिणींची नावं आली. कुणाचं माहेरचं, कुणाचं सासरचं, कुणाचं नुसतं घरातलं हाक मारायचं. पुढे जमीन रस्त्यात जाते, मोबदला येतो, आणि तलाठी विचारतो: ही बाई कोण?

[दृश्य: पुन्हा टायपिंगचं टेबल.]

दुपार झाली. आपल्या नायिकेने ठरवलंय: नाव आहे तसंच राहील. लग्नाची नोंद झाली आहे, आधारवर फक्त सासरचा पत्ता येईल. प्रतिज्ञापत्र तिला करायचंच नव्हतं. ती आली आहे सासूबाईंसाठी.

सासूबाई मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या आहेत. माहेरच्या सातबाऱ्यावर त्यांचं एक नाव, तांदळात लिहिलेलं दुसरं, आणि आधारवर त्याच दुसऱ्या नावाचं चुकलेलं स्पेलिंग. काका टाइप करतात: 'वरील तिन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे.' कागद बाहेर येतो. नोटरीकडे जाण्याआधी सही हवी.

सासूबाई पेन उघडतात आणि थांबतात.

"सही कुठल्या नावाची करू?"

"जी येते ती करा, मावशी."