नकलेची नक्कल: खिशातल्या चाकूची मूठ

[दृश्य: लाकडी टेबल. त्यावर ओळीने तीन मिटलेले चाकू.]

निवेदन: तिन्ही चाकू अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले, ब्रॅडफर्ड गावच्या केस कंपनीचे. लांबी तीच, आकार तोच. या आकाराला ‘ट्रॅपर’ म्हणतात. प्रत्येकाला दोन पाती. एक टोकदार. दुसरं गोलसर टोकाचं, मुळात वासरं खच्ची करण्यासाठी घडवलेलं. आता त्याच्या वाट्याला फार तर सफरचंद येतं.

[दृश्य: पातं उघडतं. बुडाशी ठसा.]

पात्याच्या बुडाशी आकडे आहेत. ६२५४, ५२५४, ३२५४. शेवटचे ५४ म्हणजे आकार. त्याआधीचा २ म्हणजे पात्यांची संख्या. आणि सगळ्यात पहिला आकडा मुठीचा. ६ म्हणजे हाड, ५ म्हणजे हरणाचं शिंग, ३ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ. पिवळ्याला हसू नका. शेतात काम करणाऱ्याला तोच बरा, गवतात पडला तरी लगेच दिसतो.

धार, पोलाद याबद्दलही संग्राहक बोलतात. पण चाकू हातात घेतला की अंगठा आधी मुठीवरून फिरतो. कारण सरळ आहे. पाती साच्यातून निघतात, एकासारखं एक. हाडाशिंगाची मूठ मात्र जनावराच्या अंगातून आलेली असते.

[दृश्य: हाडाच्या मुठीवर कॅमेरा अगदी जवळ. खळगे, उंचवटे, तपकिरी छटा.]

हे हाड गायीबैलांच्या नडगीचं. उकळून, चरबी काढून, त्याच्या पातळ फळ्या पाडतात. मग यंत्राच्या कटरखाली फळी सरकते आणि पृष्ठभागावर बारीक खळगे उमटतात. याला जिगिंग म्हणतात. त्यानंतर फळी रंगात बुडवतात. आता गंमत पुढे आहे. पॉलिश करताना चाक फक्त उंचवट्यांना लागतं, तिथला रंग उडतो. खळग्यांत तो गडद राहतो. एकाच रंगाच्या पिंपातून निघालेल्या दोन फळ्या त्यामुळे जुळ्या भावंडांसारख्या दिसत नाहीत, फार तर चुलत.

खळग्यांच्या नक्षीला नावं आहेत. पीच फळाच्या बीसारखी दिसणारी एक, अळीने कोरल्यासारखी दुसरी. कनेक्टिकटमधली रॉजर्स कंपनी चाकूच्या कारखान्यांना अशा तयार फळ्या पुरवी. आज तिच्या नक्षीलाच ‘रॉजर्स बोन’ म्हणतात. चाकूवर नाव दुसऱ्याचं, कौतुक मात्र फळीवाल्याचं. केसच्या जुन्या चाकूंवरची हिरवट झाक असलेली हाडं तर लोक वर्षानुवर्षं शोधत असतात. भिंग लावून ते आणखी एक जागा पाहतात, खिळ्याभोवतीची. हाड तिथेच तडकतं.

पण हाडावर हे खळगे पाडायचं सुचलं कुणाला, आणि का? हाडाला शिंगासारखं दिसायचं होतं. शिंग महाग, हाड स्वस्त. नकलेसाठी सुरू झालेली ही कला. पुढे ड्युपाँटचं डेलरिन नावाचं प्लास्टिक १९६० साली बाजारात आलं आणि त्यात जिगिंग केलेल्या हाडाचीच हुबेहूब नक्कल ओतली गेली. शिंगाची नक्कल हाड, हाडाची नक्कल प्लास्टिक.

[दृश्य: रंगीबेरंगी सेल्युलॉइडच्या मुठी. एका चाकूची मूठ सुरकुतलेली, पातं गंजलेलं.]

सेल्युलॉइड हे प्लास्टिक त्याच्याही आधीचं. कधी कासवाची पाठ, कधी हस्तिदंत, कधी शिंपला, हवं ते सोंग घेणारं. ते स्वस्तातलं सोंग आता स्वतःच जमवण्याची वस्तू झालंय. मात्र एक खोड आहे. जुनं झालं की त्याचं विघटन होऊ लागतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे चाकूही गंजतात. म्हणून जाणकार त्यांना पेटीत वेगळं ठेवतात. पंगतीत न बसवण्यासारखा पाहुणा!

खरा शिंपला पाहायचा तर इंग्लंडमधल्या शेफिल्ड या चाकूंच्या गावी जावं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी तिथल्याच जोसेफ रॉजर्स कंपनीने (ही कनेक्टिकटवाली नव्हे) केलेला नॉरफोक चाकू तिथेच आहे. पाती आणि अवजारं मिळून ७५, मुठीला कोरलेला शिंपला. हा खिशात मावत नाही. मला विचाराल तर तो चाकूपेक्षा कारागिरांच्या ऐटीचा नमुना आहे.

[दृश्य: पुन्हा तीन चाकू. ५२५४ उचलला जातो.]

आता ५ नंबर. या मुठीवर नक्षी कुणी कोरलेली नाही. वरची खडबडीत तपकिरी साल जशीच्या तशी, कडांना तेवढी घासून फिकट केलेली. दोन्ही बाजूंच्या फळ्या रंगाने आणि उंचीने जुळल्या तर संग्राहकाला झोप येत नाही. आतला सच्छिद्र गाभा वर दिसला तर तो चाकू खाली ठेवतो. म्हणूनच सगळ्यांना हवं असायचं ते सांबराचं शिंग. त्याची साल जाड, गाभा थोडा. आणि ते जायचं भारतातून, शेफिल्डलाही आणि अमेरिकेलाही.

[दृश्य: सहाण. त्यावर शिंगाचा तुकडा उगाळणारा हात.]

हा तुकडा कदाचित तुमच्या आजीच्या डब्यातही होता. छातीत दुखलं, बरगडीत भरलं, की सांबरशिंग उगाळून लेप. औषध म्हणून त्याचा उपयोग किती, हा वेगळा विषय. पण सहाणेवरची ती पांढरट, दुधासारखी रेघ आणि शेफिल्डच्या चाकूची मूठ एकाच जनावराची असू शकते.

सांबर दरवर्षी शिंगं टाकतं. ती गोळा करून विकली जात. त्या आडून शिकारही खपत असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली. कारखान्यांनी साठा पुरवून पुरवून वापरला, मग इतर हरणांकडे वळले. जुन्या सांबरशिंगाच्या मुठी तेव्हापासून महागच होत गेल्या.

[दृश्य: मेळघाट. साग. वाळलेली पानं, त्यात अर्धं बुजलेलं शिंग.]

आता ते शिंग इथेच राहतं. रात्री साळिंदर येतं आणि कुरतडून खातं. त्याला चुना लागतो.

[दृश्य: शिंगावर दातांच्या खुणा. बारीक, समांतर खळगे.]