चांगलं पोट कापून घेतलंस?

नमस्कार. माईक जरा खाली घेते, माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. वजन काल सकाळी ७२ किलो भरलं. बाईनं वय आणि वजन चारचौघांत सांगू नये असं आमची मावशी म्हणते, पण आज लपवून चालणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये हाच आकडा १०४ होता. मधल्या काळात माझं जठर कापून लहान केलेलं आहे.

संयोजकांनी विषय दिला होता ‘वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : समज-गैरसमज’. समज डॉक्टर सांगतील. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माझ्याकडे गैरसमजांचा साठा आहे आणि तो सगळा घरचा आहे.

पहिलं वाक्य सासूबाईंचं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी त्यांना सांगितलं की दिवाळी झाली की पुण्याला जाऊन असं असं ऑपरेशन करून घेणार आहे. त्या चकलीची भाजणी चाळत होत्या. चाळणी थांबली. ‘चांगलं पोट कापून घ्यायचं?’ एवढंच म्हणाल्या आणि परत चाळायला लागल्या.

तो ‘चांगलं’ शब्द मला फार लागला. चांगलं काय होतं? आठ वर्षांचा मधुमेह, इन्सुलिन सुरू झालेलं. झोपेत श्वास अडकायचा म्हणून तोंडाला मशीन लावून झोपायचं. माझे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. दम लागलाय हे मुलांना कळू नये म्हणून जिन्याच्या वळणावर थांबून भिंतीवरचे सुविचार वाचत असल्याचं सोंग करायची. त्या जिन्यातले सगळे सुविचार मला पाठ आहेत, एकाचाही उपयोग झाला नाही.

मग एकेकाची मतं यायला लागली. नणंदबाई म्हणाल्या, हा शॉर्टकट झाला. दादा म्हणाला, पहाटे तासभर चाल, पैसे वाचव. चुलत दिरांनी व्हॉट्सअॅपवर इमान अहमदच्या जुन्या बातम्या पाठवल्या. तुम्हाला आठवत असेल, २०१७ मध्ये वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी इजिप्तहून मुंबईला आणलेली ती प्रचंड वजनाची बाई. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं, सप्टेंबरात ती गेली. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, आधी पक्षाघात होऊन गेलेला, हृदय आणि मूत्रपिंडं थकलेली. तिची माझी तुलना कुठे? पण भाऊजींनी खाली दोन हात जोडलेले टाकले होते, त्यामुळे उत्तर देण्याचीही सोय नव्हती.

आणि मावशीला मी खरं सांगितलंच नाही. तिला सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत, ते काढायचंय. पित्ताशयाला कोणी नावं ठेवत नाही. खडे होणं हे नशीब आणि वजन वाढणं हे चारित्र्य, असा आपल्याकडचा हिशेब आहे.

या चारित्र्याबद्दल थोडं बोलायला हवं. सगळ्या टोमण्यांच्या तळाशी एकच वाक्य असतं, तोंडावर ताबा नाही. २०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी दीक्षित की दिवेकर असा वाद चालायचा. एकीकडे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण उरका, दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं खा. मी दोन्ही केलं. मनापासून केलं. आधी नऊ किलो उतरले, नंतर सहा, आणि दोन्ही वेळा व्याजासकट परत आले. दोष त्या दोघांचा नाही, त्यांच्या पद्धतीनं बरे झालेले लोक माझ्या स्टाफरूममध्येच आहेत. पण माझ्या शरीराचा हिशेब वेगळा होता.

तो हिशेब मला सर्जननी समजावला तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले. अमेरिकेत वजन घटवण्याची एक टीव्ही स्पर्धा होती. त्यातल्या चौदा जणांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, त्याचा निबंध २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं वजन बरंच परत आलं होतं. आणि स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला साधारण पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. पाचशे कॅलरी म्हणजे बिनतुपाच्या पाच पोळ्या धरा. शरीर सहा वर्षं रोज पाच पोळ्या मागे ओढत असेल, तर ताबा-ताबा कशाला म्हणायचं?

भुकेचंही तसंच. घ्रेलिन नावाचं हार्मोन जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. माझं जे ऑपरेशन झालं, स्लीव्ह, त्यात जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढतात, एका केळ्याएवढी नळी ठेवतात, आणि तो फुगीर भागही निघून जातो. म्हणून नुसतं पोट लहान झालं असं नाही, भुकेचा आवाजच खाली येतो. हे चरबी ओढून काढणं नव्हे. लायपोसक्शन वेगळं, हे वेगळं. घरात हे किमान सहा वेळा सांगावं लागलं.

दादाचा आणखी एक मुद्दा होता, की ही गोऱ्या लोकांची दुखणी, आपल्याकडे एवढं कुठे असतं. त्याला मी पुण्याचंच उदाहरण दिलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. म्हणजे आपण दिसतो बारीक आणि आत लोणी. म्हणूनच २००९ मध्ये भारतातल्या तज्ज्ञांनी या ऑपरेशनसाठीची बीएमआयची मर्यादा खाली आणली, ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५. विम्याच्या नियमात मात्र अजून ४० आणि ३५ आहे. माझा बीएमआय एक्केचाळीसच्या वर होता, त्यामुळे दोन्हीकडे पास झाले. आयुष्यात पहिल्यांदा जास्त वजनाचा फायदा झाला.

दादा गप्प झाला, पण पटलं म्हणून नाही. आकडे सांगून कोणी पटवून घेत नाही, हे गणिताच्या बाईला कळायला पन्नाशी यावी लागली. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ऑपरेशन करून घेतलं तेव्हा हाच दादा म्हणाला होता, शहाणपणा केला, मधुमेह होता ना. मला मधुमेह नव्हता का? पण बाईनं वजन कमी केलं की तिला नटायचं असतं.

नवऱ्याचं वेगळं होतं. ह्यांनी एकही टोमणा मारला नाही. हे काहीच बोलले नाहीत, चार दिवस. पाचव्या रात्री मशीनचा पट्टा बांधताना म्हणाले, ‘टेबलावर काही झालं तर?’ बाकी सगळ्यांची मतं होती, हा एकटा प्रश्न होता. मी ह्यांना सर्जनकडे घेऊन गेले आणि तोच प्रश्न तसाच विचारायला लावला. त्यांनी लपवलं नाही. अमेरिकेत पावणेपाच हजार रुग्णांचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तीस दिवसांत दगावलेले हजारी तीन. शून्य नाही. आणि न करण्याचा धोका किती, तेही सांगितलं. हे परत येताना गाडीत म्हणाले, रजा टाकतो. तेवढंच.

आता दिवाळी. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ आहार असतो, लिव्हर आक्रसून सर्जनना जागा मिळावी म्हणून. आमची तारीख दहा नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन चार तारखेला. घरात चकल्या तळल्या जातायत आणि मी बेसिनपाशी उभी राहून व्हॅनिला वासाची प्रोटीन पावडर ढवळतेय. सासूबाईंनी फराळाचं ताट मांडलं, माझ्यासमोर ठेवलं, मी ते सरकवलं. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. आत जाऊन पाहिलं तर ओट्याला टेकून रडत होत्या. म्हणाल्या, ‘तेहतीस वर्षं वाढतेय तुला. आता वाढू काय?’

तिथे मला भांडण कशाचं आहे ते कळलं. त्यांना जठराशी देणंघेणं नव्हतं, भांडण ताटाशी होतं. आमच्या घरात कोणी कोणाला ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ म्हणत नाही. अजून अर्धी घे म्हणतात. मी ती अर्धी कायमची बंद करत होते, तेही त्यांना न विचारता.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना आहारतज्ज्ञांकडे नेलं. ती पंचविशीतली पोरगी. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, सासूबाईंना विचारलं, ‘आजी, घरात वरण कोण करतं?’ झालं. आजी सरसावून बसल्या. पहिले दोन आठवडे मुगाच्या वरणाचं पाणी, पातळ ताक, शहाळं, सगळं गाळून. मग मऊ, मग दोन महिन्यांनी साधं जेवण. रोज साठ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे पनीर, अंडं, डाळ आधी आणि पोटात जागा उरली तर भात. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं. सासूबाईंनी पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली आणि मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्या एक वाटी घेऊन आल्या. चांदीची, लहानशी, काठ एका बाजूला चेपलेला. माझ्या मुलाच्या उष्टावणाची वाटी. तो चेपका भाग त्याच्या पहिल्या दाताचा. औषधाच्या बाटलीच्या टोपणानं त्या मोजत होत्या, तीन टोपणं, तीस मिली, पंधरा मिनिटांत संपवायचं. समोर खुर्ची टाकून, घड्याळ हातात घेऊन बसल्या. मी जरा मोठा घोट घेतला की ‘हळू’. एवढं प्रेमानं त्यांनी मला पुरणपोळीही कधी वाढली नव्हती.

पुढचं सगळं गोड झालं असं समजू नका. चौथ्या महिन्यात केस मूठ मूठ गळाले. जलद वजन उतरलं की गळतात आणि परत येतात, हे मला माहीत होतं, नणंदबाईंना नव्हतं. ‘बघ, म्हणत नव्हते?’ शेजारणीनं हळूच ह्यांना विचारलं, कॅन्सर वगैरे नाही ना. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर आहेत. घाईनं खाल्लं की उलटी होते, अगदी एका घासानंही. अडुसष्टपर्यंत उतरलेलं वजन चार किलो वर आलं, आणि दादा म्हणतो, एवढं करून बारीक काही झाली नाहीसच. इन्सुलिन सुटलं, मशीन माळ्यावर गेली, हे त्याला दिसत नाही कारण ते अंगावर दिसत नाही.

आणि चौदा महिन्यांनी मला खरोखर पित्ताशयात खडे झाले. वजन झपाट्यानं उतरलं की होऊ शकतात. पित्ताशय काढावं लागलं. मावशीला काय सांगायचं या विचारानंच मला हसू फुटायचं, आणि टाके दुखायचे.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. माझं ऐकून आता लोक मुली घेऊन येतात. चोवीस-पंचवीसच्या. आई पुढे बसते, मुलगी मागे, आणि आई सांगते, स्थळं येत नाहीत. बीएमआय विचारला तर तीससुद्धा नसतो, आजार काही नाही. काही सर्जन अशांना परत पाठवतात, सगळे पाठवतातच असं मला वाटत नाही. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, हे त्या आईला सांगितलं की तिचा चेहरा पडतो, कारण लग्नानंतर लगेच तीही घाई असते. माझ्या घरच्यांनी मला अडवलं, निदान जपण्यासाठी अडवलं. इथे घरचेच ढकलतात. अशा वेळी मी आईला बाहेर बसवते आणि मुलीला विचारते, तुला काय हवंय. तिघींपैकी दोघींना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारलेला असतो.

सासूबाईंना अजून पटलेलं नाही, हे सांगायला हवं. देवापुढे दिवा लावताना अधूनमधून म्हणतातच, चांगलं पोट होतं. पण वाटी त्यांच्या पिशवीत असते. मागच्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला होतो. हॉल होता पण पंगत बसवली होती, हौस म्हणून. मी, शेजारी सासूबाई, समोर मावशी. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला, मी नको म्हणेपर्यंत आग्रह सुरू झाला, एक तरी, नवऱ्यामुलाच्या नावानं. सासूबाईंनी माझ्या ताटावर आडवा हात धरला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलतात मोठ्यानं. म्हणाल्या, ‘तिला नका वाढू. तिचं पोट कापलंय.’

अख्खी पंगत थांबली. मावशीनं हातातला घास खाली ठेवला.

‘पित्ताशय काढलं होतं ना गं तुझं?’

म्हटलं, ‘हो मावशी. ते पण.’