डोंगराच्या आकाराचं धुपाटणं

नमस्कार श्रोतेहो. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आपण म्हणतो. मला ही म्हण कधीच पटली नाही. धुपाटणं हाती येणं ही काय लहान गोष्ट आहे? आज मी ज्या धुपाटण्याबद्दल बोलणार आहे, ते चीनमधलं, काशाचं आणि 2100 वर्षांहून जुनं आहे.

ते सापडलं कसं, हे आधी सांगते. 1968 सालचा मे महिना. हबेई प्रांतात मानछंगजवळच्या डोंगरात सैनिक सुरुंग लावून खोदकाम करत होते. एक सुरुंग उडाला, पण दगड बाहेर पडले ते अगदी थोडे. मग बाकीचे गेले कुठे? ते आत गेले होते, कारण डोंगर आतून पोकळ होता! माणसं भोकातून खाली उतरली, तर समोर खडक कोरून केलेली दालनं आणि त्यांत भांडीच भांडी.

राजाची कबर, हे दिसत होतं. पण कोणत्या राजाची? भांड्यांवर चुंगशान या राज्याचं नाव कोरलेलं होतं आणि राजाच्या कारकिर्दीची वर्षं होती: 34, 36, 39. पुन्हा सांगते, 34, 36 आणि 39. चीनवर हान घराण्याची सत्ता होती, त्या काळाच्या पहिल्या भागात, म्हणजे पश्चिम हान काळात, चुंगशानच्या गादीवर दहा राजे होऊन गेले. 39 वर्षांच्या वर राज्य केलं ते त्यांतल्या एकानंच, ल्यू शंगनं. हान सम्राट वूचा हा सावत्र भाऊ ख्रिस्तपूर्व 113 मध्ये वारला. म्हणजे बघा, राजाची ओळख पटवली ती भांड्यांवरच्या आकड्यांनी.

आपल्याकडे लग्नातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालून घेत असत. ती पद्धत मोडली, याचं मला फार वाईट वाटतं. आजीच्या कळशीवरची तारीख वाचली की तिच्या लग्नाचं साल कोणाला विचारावं लागत नाही. नवीन भांडी घ्याल तेव्हा नाव जरूर घाला.

असो. ल्यू शंगला जेड या मौल्यवान दगडाच्या 2498 तुकड्यांचा, सोन्याच्या तारेनं ओवलेला पोशाख घालून पुरलं होतं. सगळे त्या पोशाखाबद्दल बोलतात. माझा जीव मात्र धुपाटण्यात अडकलाय. उंची 26 सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. अंगावर सोन्याच्या तारेची नक्षी जडवलेली. तळाशी लाटांमधून वर येणारे तीन ड्रॅगन, त्यांच्या डोक्यावर वाटी आणि वाटीवर झाकण. हे झाकण म्हणजे अख्खा डोंगर आहे. कड्यांमधून वाघ-बिबटे फिरताहेत, उंच सुळक्यांवर माकडं बसलीत, एखादं माकड चक्क जनावराच्या पाठीवर चढलंय, आणि एक शिकारी रानडुकराच्या मागे धावतोय.

अशा धुपाटण्याला चीनमध्ये बोशान लू म्हणतात, बोशान हे डोंगराचं नाव आणि लू म्हणजे शेगडी. याची भोकं सुळक्यांच्या आड लपवलेली असतात. आत निखाऱ्यावर धूप घातला की धूर झाकणाच्या टोकातून निघत नाही, तो कड्यांच्या फटींतून निघतो. नीट ऐका, फटींतून. श्रावणात सह्याद्रीच्या घळींतून ढग वर चढताना पाहिलेत ना? अगदी तसा. त्या धुरात वाघ क्षणभर दिसतो आणि लपतो. संग्रहालयात काचेमागे थंड पडलेलं धुपाटणं पाहून हे कळणारच नाही. माझं तर म्हणणं आहे की हुबेहूब प्रतिकृती करून तिच्यात रोज धूप जाळून दाखवावा.

शेजारीच ल्यू शंगच्या राणीची कबर निघाली. तिचं नाव दोउ वान, हे तिच्या शिक्क्यावरून समजलं. तिच्याजवळही बोशान लू होतं. त्यात जनावरावर स्वार झालेला एक माणूस उघडा बसलाय आणि एका हातानं त्यानं तो सगळा डोंगर उचलून धरलाय. आणि राणीच्या डोंगरावर वाघ, ड्रॅगन यांच्या जोडीला एक उंटही आहे.