बोंडाचे पहिले वीस दिवस

हे कपाशीचं फूल आज सकाळीच उमललंय, दुधासारखं पांढरट. उद्या हेच गुलाबी होईल, मग वाळून गळून पडेल आणि आपलं लक्षही तिथून उडेल. पण खरं काम आजच सुरू झालंय, आतमध्ये.

फुलाच्या तळाशी हे जे इवलंसं हिरवं आहे ना, ते ब्लेडने कापलं की आत चार-पाच कप्पे दिसतात आणि त्यात पांढऱ्या मण्यांसारखी बीजांडं. पुढे ह्यांचीच सरकी होते. त्यातलं एक मायक्रोस्कोपखाली धरा, सालीवर घाम फुटल्यासारखे बारीक बारीक फुगवटे आलेले दिसतील. एकेक फुगवटा म्हणजे एकेक पेशी, आणि एकेक पेशी म्हणजे कापसाचा एकेक धागा! अख्खा धागा एकाच पेशीचा असतो, मला तर हे कितीदाही बघितलं तरी नवलच वाटतं.

आता सालीवरच्या सगळ्या पेशींमध्ये जीन्स, म्हणजे पेशीने काय करायचं त्याच्या सूचना, तेच, मग चारातली साधारण एकच पेशी धागा का होते? तर कुठला जीन कुठे चालू, कुठे बंद, सगळं त्यावर. मायब-२५-लाइक नावाचा एक जीन आहे, तो दाबून टाकला तर सरकी पार बिनधाग्याची निघते, पानांवरची लव मात्र जशीच्या तशी राहते.

हे कळतं कसं, तर उमललेल्या फुलाच्या देठाला तारखेचा टॅग बांधायचा, ठरलेल्या दिवशी बोंड तोडायचं, लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून गोठवायचं आणि मग आरएनए काढायचा, म्हणजे चालू असलेल्या जीन्सच्या नकला, त्यावरून कुठला जीन चालू ते कळतं. पण कपाशीत तो काढणं फार जिकिरीचं, कारण फिनॉल्स नावाची रसायनं खूप, ती आरएनए खराब करतात.

फूल उमलल्यापासून दहाव्या दिवसाच्या आसपास धाग्याच्या पेशीचे शेजाऱ्यांकडे जाणारे बारीक रस्ते बंद होतात, साखर आणि पोटॅशियम आत ओढणारे जीन्स जोरात चालतात, मागोमाग पाणी शिरतं, आणि एक्सपान्सिन नावाच्या प्रथिनाने पेशीची भिंत सैल केलेली असतेच, त्यामुळे धागा ताणला जातो, ऐन भरात दिवसाला दोन मिलीमीटरसुद्धा. सोळाव्या दिवसापर्यंत रस्ते पुन्हा उघडतात, तो जोर ओसरतो आणि सेल्युलोज, म्हणजे कापूस मुख्यतः ज्याचा असतो तो पदार्थ, बनवणारे जीन्स वर येतात, आता भिंत जाड करायची.

वीस दिवसांचं हे बोंड फोडलं तर कापूस असा दिसतच नाही, ओला गच्च पांढरा गर नुसता. पण धाग्याची लांबी बरीचशी ठरून गेलेली आहे.