'डर्थ' आणि आपली टंचाई

नमस्कार, श्रोतेहो.

मी मुलांना अर्ज आणि पत्रं लिहायला शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने गावाच्या पाण्यासाठी लिहिलेला इंग्रजी अर्जाचा कच्चा खर्डा माझ्यापुढे ठेवला. पहिलं वाक्य होतं, 'देअर इज अ डर्थ ऑफ ड्रिंकिंग वॉटर इन अवर व्हिलेज.' वाक्यरचना बिनचूक. 'डर्थ' म्हणजे टंचाई, स्पेलिंग डी-ई-ए-आर-टी-एच. पण त्यातला 'आर' राहून गेला होता आणि 'डर्थ'चा 'डेथ' झाला होता, त्यामुळे कागदावर पाण्याची टंचाई नव्हे, पाण्याचा मृत्यू लिहिला गेला होता.

आर घातला की शब्द जागेवर बसतो. त्याचा उच्चार 'डिअर्थ' करू नका, 'डर्थ' म्हणा. आधी 'अ' आणि नंतर 'ऑफ' लावा. हा शब्द हव्याशा गोष्टींसाठीच वापरतात: पाणी, डॉक्टर, पुस्तकं, पुरावा. गावातले डास कमी झाले तर त्याला कोणी 'डर्थ' म्हणत नाही. 'नो डर्थ ऑफ टॅलेंट' तर आपण भाषणांत कितीदा ऐकतो. मराठीत त्यालाच 'गुणांना तोटा नाही' म्हणतो.

मला या शब्दाचं मूळ फार आवडतं. 'वॉर्म'वरून 'वॉर्म्थ', तसा 'डिअर'वरून 'डर्थ'. डिअर म्हणजे प्रिय, आणि डिअर म्हणजे महागही. जुन्या इंग्लंडात धान्य महागलं की गरिबाच्या घरी उपासमारच, म्हणून या शब्दाचा अर्थ दुष्काळ असाही होता. आता आपली आजी काय म्हणायची ते आठवा: 'पोरं मीठभाकरीला महाग झाली.' तोच महाग! फरक इतकाच, की इंग्रजी वाक्यात नुसती वस्तू कमी पडते. मराठीत माणूस महाग होतो, आणि ऐकणाऱ्याला तो माणूस दिसतो.

सरकारी कागदात हा माणूस हरवतो, याचं मला वाईट वाटतं. १९६३ साली महाराष्ट्राने कायदाच करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढला आणि त्याजागी 'स्कार्सिटी' घातला. फॅमिन म्हणजे दुष्काळ, स्कार्सिटी म्हणजे टंचाई. राज्यात आता दुष्काळाची वेळ येऊ द्यायची नाही, असा त्यामागचा विश्वास होता. पुढे नऊ वर्षांनी बहात्तर साल उजाडलं. लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि त्या सालाला आजही खेड्यापाड्यांत कोणी 'टंचाई' म्हणत नाही. 'बहात्तरचा दुष्काळ' असंच म्हणतात.

म्हणून त्या मुलाला मी 'डर्थ' खोडायला लावला नाही. साहेबांच्या टेबलावर जायचा अर्ज आहे, तिथे हा शब्द शोभतो. फक्त विचारलं, "बाळा, तुमच्याकडे टँकर किती दिवसांनी येतो?"

"चौथ्या दिवशी, सर."

"आणि घरटी पाणी किती?"

"चार हंडे. आमच्या घरात सात माणसं आहेत."

"हेच लिही," म्हटलं, "त्या वाक्याच्या लगेच खाली."

त्याने पेन काढलं आणि तिथेच बाकावर बसून लिहायला लागला.