गिळण्यावरचा पहारा

(दृश्य: धंतोलीतील एका दवाखान्याची प्रतीक्षा-खोली. मांडीवर ठेवलेली जाडजूड फाईल.)

या फाईलमध्ये दुर्बिणीने केलेल्या घशाच्या तपासणीचा अहवाल आहे, थायरॉईडचे रिपोर्ट आहेत, छातीचा एक्स-रे आणि एंडोस्कोपीही आहे. प्रत्येक कागदाच्या तळाशी निष्कर्ष एकच आहे, की दोष आढळला नाही. ही फाईल जिची आहे ती तरुणी नागपुरातील एका महाविद्यालयात शिकवते आणि तिच्या इच्छेनुसार तिचे नाव किंवा चेहरा आम्ही दाखवणार नाही. तिची तक्रार एका वाक्यात मावते आणि नेमके तेच वाक्य उच्चारायला तिला फार उशीर लागला: आपण गिळतो आहोत, हे तिला जागेपणी सतत जाणवते.

गिळणे, श्वास घेणे, पापणी लवणे, हृदयाचे ठोके पडणे ही शरीराची कामे आपल्या परवानगीवाचून चालतात. विश्रांतीत असलेली प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते आणि त्यातील बहुतेक श्वासांची तिला दखलही नसते, कारण ही लय मेंदूच्या तळाकडील मस्तिष्कस्तंभ सांभाळतो. कधीतरी कोणाचेही लक्ष आपल्या श्वासाकडे किंवा घशाकडे जाते आणि मन कामात रमले की सुटते. काही माणसांचे मात्र ते सुटत नाही. 'हे असेच कायम जाणवत राहिले तर?' हा विचार मनात शिरतो, त्याची भीती वाटते, आणि जाणीव गेली की नाही हे पाहण्यासाठी मन पुन्हा घशाशी जाऊन उभे राहते. जाणीव गेली का, हे तपासणे म्हणजेच ती परत बोलावणे, आणि या आजाराची सारी ताकद त्या तपासण्यात आहे.

हा मंत्रचळाचाच, म्हणजे ओसीडीचा एक प्रकार आहे. मंत्रचळ म्हटले की आपल्याला पुन्हा पुन्हा हात धुणारा किंवा कुलूप ओढून पाहणारा माणूस आठवतो. इथे बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून घरच्यांना तर नाहीच, पण कित्येकदा डॉक्टरांनाही ते ओळखू येत नाही. कृती असतात, पण त्या लपलेल्या: मनातल्या मनात घोट मोजणे, ठराविक पद्धतीने गिळून पाहणे, रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर लक्षणे शोधणे, लक्ष उडावे म्हणून टीव्ही सुरूच ठेवणे. अशा विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यांच्यामुळे काम आणि नाती विस्कटत असतील, तर तो केवळ स्वभावाचा भाग उरत नाही.

(दृश्य: रिकामा वर्ग. टेबलावर पाण्याची बाटली.)

वर्गात तिने स्वतःची एक रीत बसवली होती. वाक्य संपले की ती फळ्याकडे वळायची, एखादा शब्द लिहायची आणि तेवढ्यात गिळून घ्यायची, म्हणजे विद्यार्थ्यांना काही कळणार नाही. कळण्यासारखे त्यात काहीच नव्हते, पण ते तिला पटत नसे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सगळ्यांचाच घसा कोरडा पडतो. तिच्यासाठी मात्र तो कोरडेपणा आजाराचा नवा पुरावा ठरायचा आणि दर दोन मिनिटांनी बाटली तोंडाला लागायची. सहकाऱ्यांबरोबर तर्री-पोहे खायला जाणे तिने हळूहळू बंद केले. तिखटाचे तिला वावडे नव्हते. चारचौघांत घास घशात अडकला तर काय, याची धास्ती होती.

घरी आई दररोज सांगायची, "काही नाही होत बेटा, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना." त्या शब्दांनी थोडा वेळ बरे वाटायचे आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावासा वाटायचा. आईच्या मायेत काही खोट नव्हती, पण ते आश्वासनही या फेऱ्याचाच एक भाग होऊन बसले होते. नातेवाइकांचा सल्ला प्राणायामाचा असतो. प्राणायामाला आमचा विरोध नाही. मात्र ज्याचे लक्ष आधीच श्वासावर अडकले आहे, त्याने श्वासाची जाणीव हाकलण्यासाठी पुन्हा श्वासच धरून बसणे हे आगीत तेल ओतणे ठरू शकते, हे सांगितलेच पाहिजे. तपासणीचेही तसेच आहे. एकदा नीट वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक आहे. त्यानंतर केवळ मनाच्या समाधानासाठी केलेली प्रत्येक नवी तपासणी भीतीला खतपाणी घालते.

उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे आणि भीती शमवणारी कृती करायची नाही, ही त्यामागची दिशा. पुढे त्यातूनच आजची प्रमुख मानसोपचार पद्धती विकसित झाली. या तरुणीच्या बाबतीत तिचा अर्थ अगदी रोजचा होता. घोटभर पाणी न पिता वीस मिनिटे शिकवायचे. गिळताना फळ्याकडे वळायचे नाही. घसा जाणवतो आहे तर जाणवू द्यायचा, आणि तो जाणवायचा थांबला का, हे पाहायला जायचे नाही. शेवटची अट सर्वांत अवघड होती, असे ती सांगते. आईनेही समुपदेशकांच्या सांगण्यावरून आपले उत्तर बदलले: "त्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार नाही, चल, भाजी निवडू."

सोबत औषधे लागू शकतात. फ्लुऑक्झेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे मंत्रचळात अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत द्यावी लागतात आणि त्यांचा परिणाम जोखायला ८ ते १२ आठवडे जातात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून ती स्वतःहून बंद करू नयेत.

तिला आजही अधूनमधून घसा जाणवतो, विशेषतः परीक्षांच्या शांत हॉलमध्ये पर्यवेक्षण करताना. ती उत्तरपत्रिका वाटत राहते.

(दृश्य: मेडिकल चौकातील सकाळची वर्दळ.)

नागपुरात 'मेडिकल'च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात यासाठी जाता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. तिथे गेल्यावर 'घसा दुखतो' किंवा 'दम लागतो' एवढेच सांगून थांबू नका, कारण त्यावरून पुन्हा घशाची आणि छातीचीच तपासणी होईल. 'माझे लक्ष गिळण्यावर अडकले आहे आणि ते सुटत नाही', हे वाक्य जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा.